लंडनच्या मांजरांचा सप्टेंबर

१९३९च्या सप्टेंबरमध्ये, युद्ध जाहीर झालं त्या एका आठवड्यात, लंडनमध्ये सुमारे चार लाख कुत्री-मांजरं मारली गेली. शहरात पाळलेल्या दर चार कुत्र्या-मांजरांमागे साधारण एक. ती जर्मन बॉम्बने मेली नाहीत. लंडनवर बॉम्ब पडायला अजून एक वर्ष होतं. त्यांना मारायला त्यांचे मालकच घेऊन गेले. टोपलीत, पिशवीत, कोटाच्या आत धरून नेलं, दवाखान्यासमोरच्या लांबच लांब रांगेत उभे राहिले, नंबर आला की आत दिलं आणि रिकामी टोपली घेऊन घरी आले.

चार लाख म्हणजे किती? दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांत बॉम्बहल्ल्यांत ब्रिटनचे साठ हजारांच्या आसपास नागरिक मेले. त्याच्या सहापटीहून जास्त प्राणी एका शहरात, एका आठवड्यात, एकही विमान न येता.

मला हे कळलं हिल्डा कीन या इतिहासकार बाईंच्या २०१७ साली आलेल्या पुस्तकामुळे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस एकाच सिग्नलला तीनदा थांबते, त्या वेळात मी ते फोनवर वाचून संपवलं. दुसऱ्या महायुद्धावर मी शाळेपासून वाचत आलोय. रणगाडे, पाणबुड्या, एनिग्मा, ट्युरिंग, सगळं. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर आम्ही एनिग्माचं सिम्युलेटरसुद्धा लिहिलं होतं. पण ही गोष्ट कुठेच भेटली नव्हती. कीनबाईंचा प्रश्नही हाच आहे: एवढी मोठी गोष्ट एका देशाच्या आठवणीतून गेली कशी? त्यांनी ती शोधली लोकांच्या खासगी डायऱ्यांतून, प्राणीसंस्थांच्या अहवालांतून आणि ‘मास ऑब्झर्व्हेशन’च्या कागदांतून. हा १९३७ साली सुरू झालेला उपक्रम. त्यात साध्या माणसांनी आपलं रोजचं जगणं लिहून पाठवायचं असे. सरकारी इतिहासात जे येत नाही, ते अशा वह्यांत सापडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा हुकूम नव्हता. प्राणी मारा असं सरकारने कोणालाही सांगितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. युद्ध आलं तर पहिल्याच दिवशी शहरं बेचिराख होणार, विषारी वायू सोडला जाणार, असं १९३९च्या उन्हाळ्यात सगळ्यांना वाटत होतं. स्पेनमधल्या गेर्निकाची राखरांगोळी होऊन दोनच वर्षं झाली होती. मग प्राण्यांचं काय करायचं हे ठरवायला गृहखात्याच्या छायेत एक समिती बनली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप ‘नार्पॅक’. प्राणीसंस्था आणि पशुवैद्य तिच्यात होते. प्राणी पाळणाऱ्यांसाठी सल्ल्याचं एक पत्रक निघालं. त्याचा मथितार्थ एवढाच: जमलं तर जनावर आधीच खेड्यात पाठवा; ते जमत नसेल तर शेजाऱ्यांकडे सोपवा; आणि तेही जमत नसेल तर त्याला मारून टाकणं हीच खरी दया. त्याच कागदावर जनावर वेदनेविना मारण्याच्या पिस्तुलाची जाहिरातही होती.

मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे हे पत्रक मला सरळ सरळ ‘इफ-एल्स’सारखं दिसलं. अशा कोडमध्ये एक गोष्ट हमखास होते. पहिल्या दोन अटी कागदावर छान दिसतात, पण प्रत्यक्षात क्वचितच पूर्ण होतात. बहुतेक सगळे शेवटच्या ‘एल्स’मध्ये जाऊन पडतात. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गोदी कामगाराचे खेड्यात कोण नातेवाईक असणार? आणि शेजारी? शेजारीही त्याच गल्लीत, त्याच बॉम्बखाली. सप्टेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत देशभरातून पंधरा लाखांच्या आसपास माणसं, मुख्यतः मुलं, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून रेल्वेने गावोगावी पाठवली गेली. त्या गाडीत मांजराला जागा नव्हती. सार्वजनिक निवाऱ्यातही प्राणी न्यायची मनाई होती. मुलं गेली, बाप सैन्यात जाणार, आई कारखान्यात. पत्रकातल्या अटी वाचत वाचत माणूस तिसऱ्या ओळीवर आला, आणि तिथे ‘दया’ हा शब्द त्याची वाट बघत होता.

त्या आठवड्यात क्लोरोफॉर्मचे साठे संपल्याच्या नोंदी आहेत. मेलेली जनावरं उचलणाऱ्या कंत्राटदारांना काम आवरेना. मारिया डिकिन या बाईंनी १९१७ साली व्हाइटचॅपलमध्ये गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला होता. त्यातूनच वाढलेली संस्था म्हणजे पीडीएसए. गरीब माणूस साहजिकच तिच्याच दारात गेला. ज्यांनी वीस-बावीस वर्षं मजुरांची मांजरं फुकट बरी केली, त्यांनाच आता तीच मांजरं ओळीने मारावी लागली. हे दिवस आमचे लोक कधी विसरणार नाहीत, अशा अर्थाचं डिकिनबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे. संस्थेच्या ताब्यात इलफर्डला जमीन होती. तिथे प्राणी पुरले गेले, ढिगांनी.

यात मांजरांची अवस्था कुत्र्यांहून वाईट. त्या काळी ब्रिटनमध्ये कुत्रा पाळायला साडेसात शिलिंगचा वार्षिक परवाना लागे. म्हणजे कुत्रा कुठल्यातरी वहीत असे. मांजराला परवाना नाही, नोंद नाही, किंमत नाही. ते घरातलं आणि गल्लीतलं एकाच वेळी. तीन घरांत दूध पिणारं मांजर नेमकं कोणाचं, हा प्रश्न आपल्या वाड्यांत आणि चाळींत जितका अवघड, तितकाच तिथेही होता.

पण माणसं इतक्या चटकन त्या तिसऱ्या ओळीवर कशी आली? घाबरली होती हे खरं, पण तेवढंच पुरत नाही. कारण तो ‘दया’ शब्द १९३९मध्ये नवा नव्हता. त्याच्यामागे पन्नासेक वर्षांची तयारी होती, आणि ती तयारी प्राण्यांवर प्रेम करणाऱ्यांनीच केली होती. मला या इतिहासातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच वाटतो.

मेरी टीलबी या बाईंनी १८६० साली लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी आसरा काढला. ‘टाइम्स’ने त्याची टिंगल केली. माणसं उपाशी मरतायत आणि या कुत्र्यांचं घर काढतायत, हा सूर. (फीडिंग करताना सोसायटीच्या गेटवर तुम्ही हे वाक्य ऐकलं असेल तर त्याचं वय आता कळलं.) पुढे १८७१मध्ये हा आसरा बॅटरसीला गेला आणि १८८३पासून तिथे मांजरंही घ्यायला लागले. मांजरांची गरज मोठी होती. श्रीमंत कुटुंबं उन्हाळ्यात घरं बंद करून समुद्रकाठी जात आणि मांजर मागे, बंद दाराबाहेर. पण येणारी जनावरं हजारोंनी आणि त्यांना नेणारी माणसं थोडी. उरलेल्यांचं काय करायचं? १८८४ साली बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन नावाच्या डॉक्टरांनी बॅटरसीत एक बंद खोली बसवून दिली. आत वायू आणि क्लोरोफॉर्म सोडायचा, एका वेळी अनेक जनावरं गुंगीत जाऊन मरत. रिचर्डसन क्रूर माणूस नव्हता. भूल देण्याच्या शास्त्रात त्याने आयुष्य घातलं होतं, आणि आधीच्या काठ्या-दोरांच्या तुलनेत ही खोली खरोखरच सुधारणा होती. वेदना कमी झाल्या, हे नाकारता येणार नाही. पण त्यामुळे भाषेत एक बदल झाला. ‘दयाळूपणे वागवणं’ आणि ‘वेदनेविना मारणं’ हे दोन अर्थ एकाच शब्दात राहायला आले. दोन पिढ्या असं गेल्यावर कोणालाच त्यातली फट दिसेना.

नेमका याच्या उलट प्रकार आपल्या मुंबईत झाला होता. १८३२च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी इनामाच्या आशेने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा फोर्टमध्ये पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला, लष्कर बोलवावं लागलं. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईचा पांजरपोळ काढला. तिथला नियम साधा: मारायचं नाही, मरेपर्यंत सांभाळायचं. पांजरपोळ बघायला आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना मात्र हे क्रूर वाटे. लंगडं, जखमी जनावर असं तिष्ठत का ठेवता, एकदाचं सोडवून का टाकत नाही, असं त्यांना वाटायचं. दोन्ही बाजू स्वतःला दयाळू समजत होत्या, आणि दोघांनाही दुसऱ्याची दया बघवत नव्हती.

आपल्याकडे मांजर मारलं तर काशीला जावं लागतं, सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आजीच्या पिढीने ऐकवलेलं असतं. म्हणून आपण मारत नाही. आपण पोत्यात घालतो आणि नदीपलीकडे, मंडईमागे किंवा मासळीबाजारात सोडून येतो. पाप लागत नाही आणि मांजरही दिसत नाही. तिथे त्याला हद्दीतले बोके काय करतात हे बघायला आपण थांबलेलो नसतो. लंडनच्या लोकांवर हसायची किंवा ओरडायची आपल्याला फारशी सोय नाही, एवढंच.

मी गेली चार वर्षं पुण्यात मांजरांना घरं शोधणाऱ्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे. मधूनमधून दोन-तीन पिल्लं माझ्या वन-बीएचकेच्या बाल्कनीत फॉस्टरला असतात. ग्रुपवर येणाऱ्या मेसेजची रचना ठरलेली: “दोन वर्षांची भाटी आहे, खूप लाघवी, बंगळुरूला ट्रान्सफर, शुक्रवारपर्यंत कोणी नेली नाही तर नाइलाजाने गेटबाहेर सोडावी लागेल.” शेवटी हात जोडलेले इमोजी. सुरुवातीला मला या लोकांचा राग यायचा. कीनबाईंचं पुस्तक वाचल्यावर त्या मेसेजमध्ये मला १९३९चं पत्रक दिसायला लागलं. तीच उतरती भांजणी, तोच शेवटचा ‘नाहीतर’. प्रेम नसतं असं नाही. प्रेम असतं, हातात पत्ता नसतो. २०२०च्या मार्चमध्ये प्राण्यांपासून कोरोना होतो अशी अफवा पसरली आणि देशभर लोक पाळलेली जनावरं रस्त्यावर सोडायला लागले. प्राणी कल्याण मंडळाला राज्यांना पत्र लिहावं लागलं. तेव्हाही तेच.

म्हणून मला १९३९च्या गोष्टीत रांगेतल्या लोकांपेक्षा जास्त रस आहे तो पत्ता देणाऱ्यांमध्ये. असे लोक होते, त्याच आठवड्यात होते.

हॅमिल्टनच्या डचेस नीना या प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध लढणाऱ्या बाई. स्वीडनहून आलेल्या लिझी लिंड-अफ-हागेबी यांच्यासोबत त्यांनी संस्था चालवली होती. विल्टशरमध्ये त्यांचं ‘फर्न’ नावाचं मोठं घर होतं. युद्धाच्या तोंडावर त्यांनी ते घर आणि आवार लंडनच्या जनावरांसाठी उघडलं. आणि फक्त जाहीर करून थांबल्या नाहीत. माणसं पाठवून ईस्ट एंडसारख्या भागांतून कुत्री-मांजरं गोळा करवली आणि गाडीने तिकडे नेली. शेकडो जनावरं तिथे राहिली. डचेसबाई फार श्रीमंत होत्या, हे खरं. प्रत्येकाकडे विल्टशरमध्ये हवेली नसते. पण हवेली असलेले इतरही बरेच होते.

बॅटरसीत, जिथे ती खोली बसवली होती तिथेच, एडवर्ड हीली-टट नावाचे व्यवस्थापक होते. मारून द्या म्हणून विचारणाऱ्यांना त्यांनी उलट पत्रं लिहिली: घाई करू नका. बस, एवढंच. पण त्या आठवड्यात ‘घाई करू नका’ असं सांगणारं अधिकृत तोंड किती दुर्मिळ असेल याचा विचार करा. जेमतेम चार कर्मचाऱ्यांवर चाललेल्या या आसऱ्याने युद्धाच्या काळात एक लाख पंचेचाळीस हजार कुत्री सांभाळली.

आणि ज्या नार्पॅकने ते पत्रक काढलं, तिनेच मग एक फार उपयोगी गोष्ट केली. प्राण्यांची नोंदणी. नोंद केली की एक क्रमांक मिळे, तो कोरलेला बिल्ला मांजराच्या गळ्यात बांधायचा. गल्लोगल्ली नेमलेले स्वयंसेवक हरवलेलं जनावर सापडलं की क्रमांकावरून मालक शोधत. कॉम्प्युटर नाही, सगळं कार्डांवर. ज्याला कालपर्यंत वहीत जागा नव्हती त्या मांजराला पहिल्यांदाच एक ‘युनिक आयडी’ मिळाला, असं मी ऑफिसातल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे मांजराचं आधार कार्ड.” हसलो, पण ते तसंच होतं.

बॉम्ब यायला १९४०चा सप्टेंबर उजाडला. वर्षभर मारून टाकलेली मांजरं विनाकारण मारली गेली हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. घरांत आणि गोदामांत उंदीर माजले होते. धान्याच्या गोदामांतल्या मांजरांसाठी पुढे सरकारनेच दुधाच्या भुकटीची तरतूद केली. ही मला थोडी कडवट गंमत वाटते. उपयोग दिसला तेव्हा रेशन मिळालं.

बॉम्बहल्ले सुरू झाल्यावर प्राणीसंस्थांची पथकं रोज रात्री ढिगाऱ्यांत उतरायला लागली. पीडीएसएच्या अशाच एका पथकप्रमुखाची ‘ब्यूटी’ नावाची टेरियर कुत्री नुसती सोबत म्हणून जायची. एका रात्री तिने स्वतःहून विटा उकरायला सुरुवात केली. खाली टेबल होतं, टेबलाखाली जिवंत मांजर. पुढे ब्यूटीने एकूण ६३ जनावरं शोधली. म्हणजे ज्या संस्थेच्या दारात वर्षापूर्वी रांगा लागल्या होत्या, तिचेच लोक आता एका मांजरासाठी पडक्या भिंतीखाली जीव घालत होते. माणसं बदलली नव्हती. त्यांच्यासमोर ठेवलेला प्रश्न बदलला होता.

सेंट पॉल्सजवळच्या एका चर्चमध्ये १९३६ साली एक भटकी मांजर येऊन राहिली होती. पाद्रीबाबांनी नाव ठेवलं ‘फेथ’. १९४०च्या ऑगस्टमध्ये तिला एकच पिल्लू झालं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती त्या पिल्लाला तोंडात धरून वरच्या मजल्यावरून तळघरातल्या एका कोनाड्यात नेऊन ठेवायला लागली. वर आणलं की पुन्हा खाली. शेवटी पाद्रीबाबांनी नाद सोडला. ९ सप्टेंबरच्या रात्री चर्चवर बॉम्ब पडला. सकाळी त्या कोनाड्यात धुळीने माखलेली फेथ पिल्लाला पोटाशी घेऊन बसलेली सापडली. तिला धोका आधी कळला असं लोक सांगतात. मला त्याची गरज वाटत नाही. भाटी पिल्लांची जागा सात वेळा बदलते हे आपल्याकडे कोणालाही माहीत आहे. तिने तिचं काम केलं आणि या वेळी जागा बरोबर निघाली.

युद्धानंतर हळूहळू तिसऱ्या ओळीला खरा पर्याय मिळाला तो सुरक्षित ऑपरेशनचा. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात, एका वेळी चारेक पिल्लं. घरं शोधण्याचा वेग त्याला कधीच गाठू शकत नाही, हे गणित कुठल्याही रेस्क्यूवाल्याला तोंडपाठ असतं. चेन्नईच्या ब्लू क्रॉसने १९६४पासून मारण्याऐवजी नसबंदीचा आग्रह कुत्र्यांसाठी धरला. इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात भटक्या मांजरांना पकडून, ऑपरेशन करून, होती तिथेच परत सोडायला सुरुवात झाली. माझ्या बाल्कनीतली पिल्लंही कान टोचल्यासारखी डाव्या कानाचं टोक कापून घेऊनच पुढच्या घरी जातात.

मारिया डिकिन यांनी १९४३ साली युद्धात शौर्य दाखवणाऱ्या प्राण्यांसाठी एक पदक सुरू केलं. कबुतरं, कुत्री, घोडे यांना ते मिळालं. आजवर एकाच मांजराला मिळालंय. त्याचं नाव सायमन. हाँगकाँगच्या गोदीत सापडलेला हा उपाशी बोका एका पोरसवद्या खलाशाने ‘अॅमेथिस्ट’ या युद्धनौकेवर चोरून आणला. १९४९च्या एप्रिलमध्ये यांगत्से नदीत नौकेवर तोफा डागल्या गेल्या, सायमन जबर जखमी झाला. बरा झाल्यावर अडकून पडलेल्या नौकेतल्या धान्यावर तुटून पडलेले उंदीर मारत राहिला आणि जखमी खलाशांच्या उशाशी बसत राहिला. त्याला जगभरातून इतकी पत्रं आली की उत्तरं द्यायला एक अधिकारी नेमावा लागला. इंग्लंडला पोचल्यावर नियमाप्रमाणे त्याला विलगीकरणात ठेवलं आणि तिथेच २८ नोव्हेंबर १९४९ला तो गेला.

त्याला इलफर्डला, पीडीएसएच्या जमिनीत पुरलं. दगडावर त्याचं नाव आहे, नौकेचं नाव आहे, पदकाचा उल्लेख आहे. लोक अजून फुलं ठेवतात. दहा वर्षांपूर्वी तिथे पुरलेल्या बाकीच्यांसाठी दगड नाहीत.